कारखान्याच्या दारातली फियाट

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये रात्रंदिवस जे भंगार वितळत असते, त्यात कुठले कुठले लोखंड येऊन मिसळते याचा हिशेब ठेवणे कोणालाही शक्य नाही. मोडीत निघालेली यंत्रे, गंजलेल्या टाक्या, जुन्या पुलांच्या तुळया आणि निकामी ठरलेल्या मोटारी यांचा तेथे एकच रस होतो, आणि त्या रसातून निघालेल्या सळ्या कोणाच्या तरी नव्या घराच्या छतात कायमच्या गाडल्या जातात. हा धंदा प्रामाणिक आहे आणि असंख्य घरांच्या चुली त्यावर पेटतात. ‘जालना, सोने का पालना’ अशी ज्या पेठेची एके काळी ख्याती होती, त्या पेठेला या लोखंडाने नवे बळ दिले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु जुने लोखंड वितळवण्यात जे गाव इतके निष्णात, त्याच गावातील एका मिस्त्रींनी जुन्या लोखंडाला त्याचे पहिले रूप परत देण्याच्या विद्येवर मराठीत पुस्तक लिहावे, आणि त्याच्या प्रस्तावनेसाठी यंत्रविद्येतील कोणा अधिकारी व्यक्तीकडे न जाता जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्याकडे यावे, ही गोष्ट मला विचार करायला लावणारी वाटली. ग्रंथकर्त्यांची अट एवढीच, की प्रस्तावनेत त्यांच्याविषयी अवाक्षर नसावे. जे लिहायचे ते विषयाविषयी लिहावे. ती अट मी पाळणार आहे.

विषय असा, की जुनी मोटार कारखान्याच्या दारातून ज्या स्थितीत बाहेर पडली, नेमकी तीच स्थिती तिला पुन्हा प्राप्त करून द्यावयाची. बंद पडलेली गाडी चालती करणे किंवा चालत्या गाडीला रंगरंगोटी करून लग्नाच्या वरातीस शोभेल अशी करणे, ही कामे आपल्याकडील कोणतेही गॅरेज पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे आणि त्यांत कमीपणा काहीच नाही. पण त्या कामांत कारागीर आपली बुद्धी आणि मालकाची आवड यांनाच प्रमाण मानतो. येथे मात्र प्रमाण तिसरेच आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट कारखान्यातील माणसांनी जे केले, तेवढेच करायचे, त्याहून अधिक चांगलेही करायचे नाही, असा हा नियम आहे, आणि कुशल हाताला तो किती जड जातो हे ज्याने उत्तम पत्रा ठोकणाऱ्या कारागिराला ‘येथे इतकी सफाई नको’ असे सांगून पाहिले असेल त्यालाच कळेल.

‘कारखान्याचा मूळ तपशील’ ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. सुरुवातीच्या दशकांत मोठ्या घराण्यांच्या गाड्यांना असा एक ठरीव तपशील नसेच. रोल्स-रॉइस कंपनी सांगाडा आणि इंजिन सिद्ध करून देई, आणि त्यावर देह चढवण्याचे काम गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे निराळे कारागीर करीत. ज्या आसफजाही राज्यात जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत होते, त्या राज्याच्या सहाव्या निजामांनी, मीर महबूब अली खान यांनी, मागवलेली सिल्व्हर घोस्ट मोटार याचे ठळक उदाहरण आहे. तिचा देह लंडनच्या बार्कर कंपनीने बांधला आणि आत सिंहासनासारखे आसन बसवले. परंतु निजाम १९११ मध्ये निवर्तले आणि १९१२ सालची ही गाडी त्यांच्या पुत्राच्या दारी आली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती जतन केलेली आहे. अशा गाडीला दुसरी जोड नसते, म्हणून तिचे मूळ शोधायचे तर तिच्याच अंगावर आणि तिच्याच मागणीपत्रात शोधावे लागते. याच्या उलट, फोर्डने १९१३ मध्ये आपल्या कारखान्यात जुळणीची चालती रांग सुरू केल्यावर एका साच्यातील हजारो गाड्या निघू लागल्या, कोणत्याही गाडीचा भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीला बसू लागला, आणि तेव्हा प्रथमच असे म्हणता येऊ लागले, की ही खिळी मूळची आणि ही मागाहून घातलेली. राजेरजवाड्यांच्या मोटारींवर देखणी पुस्तके पुष्कळ झाली. सामान्य माणसाच्या मोटारीचा विचार मात्र आपल्याकडे व्हावा तसा झाला नाही, आणि प्रस्तुत ग्रंथ त्या सामान्य मोटारीचा आहे याचा मला विशेष आनंद वाटतो.

महाराष्ट्रात त्या मोटारीचे जन्मस्थान म्हणजे कुर्ला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी हा त्यांचा ध्यास त्याहून जुना होता. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या जातीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचे असे धोरण ठरले, की परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी एक तर टप्प्याटप्प्याने ते भाग येथे तयार करावेत, नाही तर धंदा बंद करावा. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने दुसरा मार्ग पत्करला, प्रीमियरने पहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात इटलीच्या फियाट कंपनीने आपली नवी अकराशे मोटार जगापुढे मांडली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वालचंद कालवश झाले. ज्या मोटारीने त्यांचा कारखाना पुढे घराघरांत पोचवला ती कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ही गाडी १९५४ पासून कुर्ल्यास होऊ लागली. तिचा रचनाकार दान्ते जाकोझा हा इटलीतील अत्यंत बुद्धिमान यंत्रज्ञांपैकी एक. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, मागे पाटे, पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला, त्यामुळे दार उघडले की ते वाऱ्याच्या तोंडाशी उघडे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतंत्र चेसिस नाही, पत्र्याची पेटीच सगळा भार पेलणार. गोल पाठीची आणि पुढे आलेल्या नाकाची ही गाडी लोकांनी ‘डुक्कर फियाट’ या नावाने घरची केली. पुढे तिची रूपे बदलली, मिलेचेंटो, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे आली, १९६४ मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट आली, सत्तरीच्या दशकात तीच प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप घेतला, हा इतिहास सर्वपरिचित असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या बाजूला ज्या फियाट आल्या त्यांच्या कागदपत्रांविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण मोटारीच्या अस्सलपणाची पहिली साक्ष कागदावर असते आणि या मुलखाचे कागद फार ठिकाणी फिरलेले आहेत. समजा, १९५४ ची एखादी गाडी जालना सोडून कधीच कोठे गेली नाही. तरी तिची पहिली नोंद हैदराबाद राज्यातली, १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा अंमल मुंबई राज्याचा, १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा. १ मे १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातले एक ठाणे होते आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. त्यानंतर स्वतंत्र जालना जिल्हा झाला, आणि नव्या मोटार कायद्यानंतर त्याला एमएच-२१ हा क्रमांक मिळाला. अंमल बदलला की दफ्तर बदलते, दफ्तर बदलले की नोंद उतरवून घ्यावी लागते, आणि नक्कल करताना कारकुनाच्या हातून अंक चुकतो. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या लेखनिकाकडून जे होत आले, तेच. इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकात ‘३’ आणि आरसी बुकात ‘८’ असल्यास इंजिन बदलले असे लागलीच मानू नये; आधीचा कागद मिळतो का पाहावे, आणि मिळाला तर दोन्ही समोर ठेवून कोणी कोणाची नक्कल केली ते ठरवावे, असे या ग्रंथात जे सांगितले आहे, ते वाचताना मला माझ्याच शास्त्राचा ग्रंथ वाचल्यासारखे वाटले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. कुर्ल्याच्या फियाटचे मूळ कोणते?

पुष्कळ हौशी मालकांच्या मनात याचे उत्तर ठरलेले असते: मूळ म्हणजे तुरीन, फियाटचे इटलीतील घर. इटलीतील माहितीपुस्तक मिळवावे, तेथून पट्ट्या, दिवे, काटे, बोधचिन्हे मागवावीत, देशी भाग हा तडजोडीचा भाग समजून काढून टाकावा आणि गाडीला तिच्या इटालियन रूपात ‘शुद्ध’ करून घ्यावे, असा त्यांचा उद्योग चालतो. त्यांची श्रद्धा प्रामाणिक असते आणि खर्चही बेसुमार असतो. परंतु या मार्गाने जी गाडी तयार होते ती तुरीनच्या कारखान्याने कधी बनवलेली नसते आणि कुर्ल्याच्या कारखान्याने कधी विकलेली नसते. जगात कोठेही, कोणत्याही दिवशी अस्तित्वात नसलेली अशी ती गाडी असते, आणि तिलाच मूळ म्हणून मिरवले जाते. कुर्ल्याच्या कारखान्याची कहाणी ही हळूहळू देशी होत गेलेल्या वस्तूची कहाणी आहे. आरंभीच्या गाड्यांत बहुतेक भाग पेट्यांतून जहाजाने आलेले. पुढे दरसाल काही भाग येथलेच होऊ लागले. मायको कंपनी १९५१ मध्ये निघाली आणि देशात स्पार्क प्लग होऊ लागले, मद्रासेत लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये निघाली आणि विजेची सामग्री देशात होऊ लागली. काच, रबर, बॅटरी, आसनांचे कापड यांचेही तेच. तेव्हा १९५५ च्या गाडीतील जो परदेशी भाग अस्सल, तोच १९६५ च्या गाडीत परका ठरतो, आणि ज्या देशी शिक्क्याच्या डायनॅमोकडे पाहून हौशी माणूस नाक मुरडतो, तो डायनॅमो त्या गाडीच्या जन्माचा दाखला असतो. धोरण, परकीय चलनाची टंचाई, परवाने, आणि त्यातून मार्ग काढणारे येथील कारखानदार व कामगार यांचा सगळा इतिहास त्या शिक्क्यात साठवलेला आहे, आणि तो उपटून काढणे म्हणजे शुद्धीकरण असे मी कधीही म्हणणार नाही.

हे मान्य केले की काम अवघड होते, कारण तुरीनच्या गाडीचे ग्रंथ आहेत. कुर्ल्याच्या गाडीचा त्या त्या वर्षाचा, त्या त्या महिन्याचा तपशील कोणा एका पुस्तकात सापडत नाही. विक्रीची पत्रके गाडी रंगवून सांगतात, सुट्या भागांची सूची बदललेल्या भागांची भेसळ करते. राहता राहिली ती गाडी. तीच वाचावी लागते.

ती कशी वाचतात, याचा एक प्रसंग मी मिस्त्रींच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिला आहे. एका जिनिंगच्या आवारात बरीच वर्षे उभी असलेली, बाहेरून पांढरी दिसणारी फियाट तेथे आणलेली होती. मिस्त्रींनी दाराच्या खालच्या अंगाला रुपयाएवढी जागा निवडली आणि बारीक पाणीकागद ओला करून ती गोल गोल घासायला घेतली. मधोमध अधिक, कडेला कमी, अशा बेताने, की थर पायऱ्यांसारखे उघडे पडावेत. पांढऱ्याखाली मलईसारखा पिवळसर निघाला, त्याखाली लाल ऑक्साइडचा पट्टा, त्याखाली करड्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर, आणि मग फिकट हिरवा रंग, त्याच्याही खाली गडद करडा अस्तर आणि शेवटी चमकणारा पत्रा. लाल ऑक्साइड आणि लांबी दिसताच त्यांनी सांगितले, की हे दार कधी तरी ठोकून सरळ केलेले आहे, तेव्हा याची साक्ष एकटी चालणार नाही. मग मागचे आसन काढले, डॅशबोर्डच्या पाठीमागे बॅटरीचा उजेड टाकला, दाराच्या आतला पुठ्ठा सोडवला. तेथे ना पांढरा होता, ना पिवळसर, ना लाल. फक्त करडे अस्तर आणि त्यावर तोच फिकट हिरवा, आणि डॅशबोर्डच्या खोल कोपऱ्यात तर हिरवाही विरत विरत नुसत्या अस्तरावर आलेला, कारण कारखान्यातील फवाऱ्याचा झोत तेवढ्या आत पोचलाच नव्हता. ‘तिथं मी पण रंग पोचू देणार नाही,’ एवढेच ते म्हणाले.

दुसरी गोष्ट बोल्टची. फियाट ही मेट्रिक मापाची गाडी, आणि ती या मुलखात आली तेव्हा येथील गॅरेजांतील पाने, डाय आणि टॅप इंची. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदाच मुळी १९५६ मधला. आठ मिलिमीटरचा मूळ बोल्ट हरवला की मिस्त्री पेटीतला अडीच सुती बोल्ट उचली. अडीच सूत म्हणजे इंचाचे पाच सोळांश, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, हाताला फरक लागत नाही आणि पहिले दोन-तीन आटे तो सुखाने आत जातो. परंतु मूळ बोल्टच्या आट्याचे अंतर सव्वा मिलिमीटर आणि व्हिटवर्थ या इंची मापाच्या बोल्टचे इंचाला अठरा आटे, म्हणजे १.४१ मिलिमीटर, पुढे तो अडतो, पान्यात पाइप घालून जोर करावा लागतो, आणि भोकातले मूळचे आटे कापले जाऊन तेथे ना धड इंची ना धड मेट्रिक असे काही तरी तयार होते. ज्या भोकात आजही आठाचा बोल्ट बोटांनी फिरवत तळापर्यंत जातो, ती जागा बहुधा कोणी उघडलेली नाही, आणि तिच्या आत जे आहे ते कारखान्याच्या हातचे आहे. ग्रंथात या एकाच परीक्षेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते मी दोनदा वाचले.

पण एका गाडीची साक्ष कितीही बारकाईने घेतली तरी ती एकटीच असते. पैठणास नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये घुसलेले अपपाठ त्यांना दूर करावे लागले. आणि पाठचिकित्सेचे जे शास्त्र पुढे भांडारकर संस्थेने महाभारताच्या संशोधित आवृत्तीत काटेकोरपणे वापरले, त्याचा पाया असा, की ज्या प्रतींचा एकमेकींशी संबंध आलेला नाही त्यांच्यात जो पाठ समान आढळतो तो त्यांच्या सामाईक मूळ प्रतीतून आलेला असला पाहिजे. मोटारीलाही हाच न्याय लागतो. एक फियाट जालन्यात वाढली, दुसरी नागपुरात, तिसरी कोकणात. तिन्हींच्या वायरींना एकाच जागी एकाच घडणीची पत्र्याची पकड असेल तर ती कुर्ल्याची. पण बॉनेटखालची एखादी पट्टी जालना-परतूर भागातल्याच गाड्यांत दिसत असेल आणि अन्यत्र कोठेही दिसत नसेल, तर ती या भागातील कोणा जुन्या मिस्त्रीच्या कल्पकतेचे फळ समजावे. अशा पट्टीचे काय करायचे? ध्येय कारखान्याचे रूप हे असेल तर ती काढली पाहिजे, याविषयी मला शंका नाही. परंतु काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, माप लिहावे, चिठ्ठी बांधून ती जपून ठेवावी, कारण सुटा भाग मिळत नव्हता आणि घरात आजारी माणूस होते अशा रात्री याच पट्टीने गाडी औरंगाबादेस पोचवलेली असू शकते.

पूर्वस्थितीचा ध्यास चुकीच्या हाती गेला की काय घडते, हे या मुलखाला निराळे सांगायला नको. अजिंठा येथून फार दूर नाही. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना तेथील भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी आणवले. हेतू उत्तम होता, पैसा सढळ होता, माणसे आपल्या विद्येत मान्यता पावलेली होती, आणि गिलाव्याचे सुटलेले पोपडे पक्के करण्याचे त्यांचे काम पुष्कळ अंशी उपयोगीही ठरले. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेच्या रोगणाचा जो हात दिला तो कालांतराने पिवळसर आणि काळपट होत गेला, मूळचे निळे आणि पांढरे त्याखाली मंदावले, आणि ते रोगण चित्राला धक्का न लावता उतरवण्याच्या कामात पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या पिढ्या खपल्या. त्या दोघांना मी दोष देत नाही. त्यांच्या काळचे उत्तमातले उत्तम ज्ञान त्यांनी वापरले. परंतु यातून जो दंडक मिळतो तो मोटारीच्या बाबतीतही तितकाच कठोरपणे पाळला जावा असे माझे आग्रहाचे मत आहे: जे परत काढता येणार नाही ते मूळ वस्तूवर चढवू नये. एखाद्या फियाटचा कारखान्यातला रंग विटलेला का होईना पण शाबूत असेल, तर तिला नवा रंग देणे हा अपराध आहे. चकचकीत गाडी पुन्हा केव्हाही करता येते. पहिला रंग एकदा घासून टाकला की तो कोणत्याही किमतीस परत येत नाही. मोटारींच्या मेळाव्यांत पारितोषिके मिळवणाऱ्या पुष्कळ गाड्यांचे पृष्ठभाग आजच्या पॉलियुरेथेन रंगाने आरशासारखे केलेले मी पाहतो आणि खिन्न होतो, कारण कुर्ल्याच्या दारातून अशा आरशाची एकही गाडी कधी बाहेर पडली नसेल.

जगातील जुन्या मोटारींच्या संघटनांच्या महासंघाने, फिव्हाने, जी सनद स्वीकारली तिचे नावच तुरीनची सनद असे आहे. व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेने जुन्या वास्तूंविषयी जे सांगितले त्याच धर्तीवर ती मोटारींविषयी सांगते, की आयुष्यात झालेले बदलही वस्तूच्या इतिहासाचा भाग आहेत, नवे भाग ओळखू यावेत, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहावी. तुरीनच्या नावाने हौशी मंडळी जे करतात, त्याला खुद्द तुरीनच्या सनदेचा आधार नाही, हे त्यांच्या ध्यानात आणून दिले पाहिजे.

आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना प्राचीन वाहन म्हणून स्वतंत्र मान्यता दिली. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, देहाची पेटी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीचे पाच हजार. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापरास मनाई. नियम स्वागतार्ह आहे. तथापि मूळ स्वरूप कशाला म्हणावे, हे कायद्याच्या एका वाक्यात मावणारे नाही. कचेरीत बसलेल्या निरीक्षकाच्या हाती काही तरी आधार असावा म्हणून तरी असे ग्रंथ व्हायला हवेत.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होईल, की झिजलेले इंजिन बोअर करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवले तर ते ६८ मिलिमीटरचे राहिले कोठे, आणि मग ते मूळ कसे? उत्तर समाधानकारक आहे. कारखाना स्वतःच ठरावीक मापाचे ओव्हरसाइज पिस्टन पुरवीत असे आणि कोठवर बोअर करावे याची मर्यादा घालून देत असे. तेव्हा झीज आणि तिची दुरुस्ती ही मूळ तपशिलातच गृहीत धरलेली होती. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी ग्रंथकर्त्यांहूनही कडक आहे. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. अस्सलपणाच्या नावाखाली ते विष परत आणण्याचे कारण नाही. रबरी नळ्या नव्याच हव्यात. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले, आणि शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला जो आधार मिळे तो गेला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आले आहे आणि जुन्या घडणीचे रबर व डायफ्रॅम ते खाऊन टाकते. टाकीत जाणारे इंधनच जर १९५८ चे नाही, तर त्याला स्पर्श करणारी नळी १९५८ ची ठेवण्याचा हट्ट गाडीच्या आणि माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. दिसत नाही तेथे बदल करावा, त्याची तारीखवार नोंद ठेवावी, आणि काढलेला भाग टाकून देऊ नये.

ग्रंथाच्या भाषेविषयी दोन शब्द. मिस्त्रींनी गॅरेजात जे बोलले जाते तेच लिहिले आहे. पाटे, लांबी, आटे, डिकी, बुश, किंगपिन, डेंटिंग हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि मी त्यांना संस्कृत प्रतिशब्द सुचवण्याच्या भरीस पडलो नाही. आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या आहेत. प्रत्येक मापापुढे ते कोणत्या गाडीवर घेतले त्याची खूण आहे, आणि जेथे दोन गाड्यांची मापे जुळली नाहीत तेथे दोन्ही दिली आहेत, हा गुण छापील विद्वत्तेतही मी अनेकदा शोधून पाहिला आहे.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागाची सामग्री अद्याप जमा होत आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यातील घराघरांची मदत लागणार आहे. डॉक्टर, वकील, अडते, जिनिंगवाले अशा ज्या घरांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी फियाट होती, तेथे गाडी गेली तरी खरेदीची पावती, सर्व्हिसचे पुस्तक, विम्याचा कागद किंवा टायरचे बिल एखाद्या ट्रंकेत पडून असण्याचा संभव आहे. ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची प्रत घेऊ द्यावी. लग्नातल्या आणि सहलींच्या छायाचित्रांचे मोल तर त्याहून अधिक, कारण त्यांत गाडी आहे तशी उभी असते. त्यातही जी चित्रे गाडीच्या मागच्या बाजूने घेतलेली आहेत ती अगत्याने हवी आहेत. लोक मोटारीपुढे उभे राहून चित्र काढून घेतात, त्यामुळे नाक, दिवे आणि पुढची पट्टी यांचा पुरावा मुबलक आहे; मागच्या दिव्यांची काच, क्रमांकाच्या पाटीवरील दिवा आणि डिकीची मूठ यांत वर्षागणिक काय फरक होत गेला, याविषयीचे प्रकरण तेवढ्यासाठी अपुरे राहिले आहे.